गोष्टी गेल्या कुठे? जॅक्सनचे कागद, कोसबादची टेकडी आणि पुस्तकातले 'ते'

नाशिकच्या इतिहासात २१ डिसेंबर १९०९ ही तारीख आली की पुढचं सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. परीक्षेत एका मार्काला हमखास. पण आज मला त्या गोळ्यांबद्दल बोलायचं नाहीये. मला बोलायचंय जॅक्सनच्या मागे राहिलेल्या कागदांबद्दल, आणि तिथून पार आजच्या तिसरी-चौथीच्या वर्गापर्यंत यायचंय. कुठून कुठे जातेय ही बाई, असं वाटेल. जरा धीर धरा.

तर हा जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणायचे. राज्यकर्ता म्हणून तो कसा होता, हा वेगळा आणि मोठा विषय. त्याला नाद होता लोकांच्या समजुती गोळा करण्याचा. त्यासाठी त्याने एक साधी युक्ती वापरली. एक प्रश्नावली तयार केली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पाठवली. पाऊस पडला नाही तर तुमच्या गावात काय करतात? सूर्याला नवस कसा बोलतात? कोणत्या झाडात देव आहे? दृष्ट कशी काढतात? भुतं किती प्रकारची? मास्तरांनी विचारपूस केली, उत्तरं लिहिली, पाठवून दिली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते कागद लावून त्यांची पुस्तकं केली. गुजरातचा खंड १९१४ साली आला, कोकणचा १९१५ साली. दोन्ही अर्थातच इंग्रजीत.

कोकणच्या खंडात तेव्हाचा ठाणे जिल्हा येतो, म्हणजे आजचा पालघरसुद्धा. आपल्या पेठ-हरसूलचा घाट उतरलात की लागतो तो मुलूख. त्या खंडाच्या तळटिपा बघण्यासारख्या आहेत. माहिती कुणाकडून आली? शाळामास्तर, अमुक गाव. शाळामास्तर, तमुक गाव. पानोपानी हेच. आता मास्तरांना ही माहिती कुठून मिळाली असेल? कुणीतरी म्हातारी, कुणी भगत, कुणी गुराखी, कदाचित वर्गातलीच पोरं. त्यांचा त्या तळटिपांत पत्ता नाही.

मला यातली खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, टोचणारी गोष्ट दिसते ती अशी. गावातल्या गोष्टी शाळेच्या दारातून बाहेर पडल्या. मुंबईला गेल्या, इंग्रजीत गेल्या, लंडनच्या ग्रंथालयांत गेल्या. मास्तर सकाळी वर्गात सरकारी वाचनमाला शिकवायचा आणि संध्याकाळी त्याच गावच्या गोष्टी साहेबासाठी उतरवून काढायचा. त्या दोन कागदांची भेट कधी झाली नाही. साहेबाला ज्या गोष्टी मोलाच्या वाटत होत्या, त्या पोरांच्या पुस्तकात घालाव्यात असं कुणाच्या मनातही आलं नाही. ज्यांच्या त्या गोष्टी, त्यांची मुलं पुढे शाळेत आली, तेव्हा त्यांना तिथे काय मिळालं, हा आजचा प्रश्न.

थोडे आकडे सांगते, कंटाळू नका. नाशिक म्हटलं की द्राक्षं, मिसळ, कुंभमेळा. पण २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक माणूस आदिवासी आहे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत तर दहातले नऊहून जास्त. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल, कातकरी. आदिवासी विकास आयुक्तालयाचं मुख्य कार्यालय नाशिकमध्ये आहे, राज्यभरातल्या जवळपास पाचशे सरकारी आश्रमशाळा तिथून चालतात, शिवाय अनुदानित वेगळ्या. म्हणजे या विषयाची राजधानी आपलंच शहर आहे, आणि आपल्याला बोहाडा कशाशी खातात हे माहीत नसतं. (खात नाहीत. मुखवटे घालून देवदेवतांची सोंगं नाचवतात, रात्र रात्र चालतो.)

आता पेठमधल्या एखाद्या पाड्यावरचं सहा वर्षांचं पोर डोळ्यासमोर आणा. घरी कोकणा बोलतात. ही गोव्याची कोकणी नव्हे बरं का, नावाच्या सारखेपणाने भले भले फसतात. या बोलीत मुलाला म्हणतात 'पोसा'. 'माझं' याला म्हणतात 'माना'. पोर शाळेत येतं आणि 'माना' म्हणतं. बाई बाहेरगावच्या, त्यांना वाटतं हा काहीतरी मानायला सांगतोय. हसू नका, तिकडून बघा. त्या पोराने फक्त 'माझं' म्हटलंय, आणि पहिल्याच दिवशी तो शब्द चुकीचा ठरलाय.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, हे आपल्या राज्यघटनेत १९५६ सालीच आलं आहे, कलम ३५०-अ. शिक्षण हक्क कायद्यानेही २००९ मध्ये ते पुन्हा सांगितलं, 'शक्य असेल तिथे' अशी पुस्ती जोडून. त्या पुस्तीत किती पिढ्या मावल्या, विचारू नका.

पण कुणीच काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ताराबाई मोडक हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या, माँटेसरी पद्धत मुरलेल्या बाई. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ च्या सुमारास दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारली पाड्यांमध्ये. शाळा काढली, पण मुलं येईनात. येणार कशी? मोठी मुलं गुरांमागे, मधली मुलं धाकट्यांना कडेवर घेऊन. मग या दोघींनी जे केलं ते मला आजही थोर वाटतं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. तीच अंगणवाडी. आज देशभर ज्या शब्दाची पाटी दिसते, तो शब्द या कामातून आला. आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतात तिथेच शाळा. साहित्य काय? बिया, शंख, पानं, काड्या, माती. माँटेसरीचे महागडे लाकडी ठोकळे परवडणारे नव्हते हे एक कारण, आणि मुलांच्या हाताला ओळखीच्या वस्तू लागाव्यात हे दुसरं.

वस्तू ओळखीच्या झाल्या, जागाही ओळखीची झाली. पुस्तक मात्र पुढची कित्येक वर्षं शहरातूनच येत राहिलं.

आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोसबादच्या आसपासच्या त्याच पाड्यांमध्ये लग्न असलं की सवाशिणी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधोमध पालघट देवी. तो नसेल तर लग्न लागत नाही. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. वारली लोक त्या चौकाला 'काढणं' म्हणत नाहीत. ते म्हणतात, चौक 'लिहिणं'. लिहिणं! सरकारी कागदांत निरक्षर म्हणून नोंदवलेल्या बाया घरच्या भिंतीवर लिहीत होत्या, आणि बाजूला उभी असलेली धवलेरी ते लिहिलेलं गात होती. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी हे भिंतीवरचं कागदावर आणलं, जगभर पोचवलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज नाशिकमध्ये कॅफेच्या भिंतीवर वारली आहे, सोसायटीच्या गेटवर आहे, कुर्त्यावर आहे, मोबाईलच्या कव्हरवर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कंपाउंडवर तर आहेच. लिपी घेतली आपण, तिची नक्षी केली, आणि मजकूर वाचायचा राहिला तो राहिलाच.

आता जरा लांब उडी मारू. न्यूझीलंड. पण रस्ता नाशिकवरूनच जातो. नाशिकला आनंद निकेतन शाळा उभी करणाऱ्यांपैकी एक, अरुण ठाकूर, यांनी एक पुस्तक मराठीत आणलं, 'टीचर'. मूळ लेखिका सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर, मूळ पुस्तक १९६३ चं. ही बाई माओरी मुलांना शिकवत होती. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. वर्गात वाचायला होती 'जॅनेट अँड जॉन' नावाची पुस्तकमाला. नीटनेटकी गोरी मुलं, नीटनेटकं घर, नीटनेटकं कुत्रं. सिल्व्हियाच्या लक्षात आलं की तिच्या पोरांना हे शब्द लक्षात राहत नाहीत. मग तिने ती पुस्तकं बाजूला ठेवली आणि एकेका मुलाला जवळ बोलावून विचारायला सुरुवात केली, तुला आज कोणता शब्द हवाय? कुणी म्हणालं भूत. कुणी म्हणालं पापी. कुणी आईचं नाव घेतलं, कुणी मारामारीचं. ती तो शब्द जाड कार्डावर लिहून मुलाच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी मुलाने कार्ड ओळखलं तर ते त्याचं. नाही ओळखलं तर तो शब्द त्याच्या आतला नव्हताच, कार्ड फेकून द्यायचं. 'भूत' हा शब्द मुलं एकदा बघून वाचायला लागली. पुढे तिने इहाका नावाच्या माओरी मुलाची पुस्तकं स्वतः हाताने लिहिली, चित्रंही स्वतः काढली.

लक्षात घ्या, भूत! जॅक्सनच्या प्रश्नावलीतही भूत होतं. तिथे ते साहेबाच्या अभ्यासाचा नमुना होतं, इथे तेच भूत पोराला वाचायला शिकवतंय.

सिल्व्हियाचं मला कौतुक आहे, पण तिच्या कामाला एक मोठी मर्यादा होती. मुलांचं जगणं तिने वर्गात आणलं, भाषा इंग्रजीच राहिली. माओरी भाषा संपत चालली आहे हे जेव्हा त्या समाजाला कळून चुकलं, तेव्हा १९८२ साली त्यांनी स्वतःच बालवाड्या काढल्या. नाव 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचं घरटं. आजी-आजोबा येऊन बसायचे आणि लेकरांशी फक्त माओरीत बोलायचे. हे कुणा शिक्षणतज्ज्ञाने त्यांच्यासाठी केलं नाही. फरक मला इथे दिसतो.

अमेरिकेतही हा वाद जुना आहे. रूडिन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये एक सोपी कल्पना मांडली: मुलांचं पुस्तक कधी खिडकी असतं, दुसऱ्याचं जग दाखवतं, आणि कधी आरसा, स्वतःचं तोंड दाखवतं. काही मुलांना आयुष्यभर नुसत्या खिडक्याच मिळतात. तिथल्या डेबी रीस या मूळ अमेरिकन समाजातल्या अभ्यासक गेली अनेक वर्षं एकेक पुस्तक तपासत बसल्यात आणि त्यांची एक तक्रार सारखी येते, की ही पुस्तकं आमच्याबद्दल भूतकाळात बोलतात. जणू आम्ही होतो, आता नाही.

आपल्याकडे काळाचा घोळ कमी, सर्वनामाचा जास्त. आपल्या मुलांच्या पुस्तकांत आदिवासींवरचं पान साधारण कसं असतं, आठवा. एक तारपा, गोल करून नाच, एक झोपडी, आणि मजकुराचा सूर असा, की हे लोक जंगलात राहतात, ते निसर्गाची पूजा करतात, त्यांचे सण असे असतात. ते, त्यांचे, त्यांना. नाशिक शहरातल्या पोराने हे वाचलं तर ती बरी-वाईट खिडकी झाली. पण हेच पान सुरगाण्याच्या वर्गात उघडा. तीसपैकी तीस मुलं कोकणा. बाई वाचतायत, 'ते लोक'. ते म्हणजे कोण, बाई? आम्ही?

मी एका शिक्षिकेशी बोलले, पेठ तालुक्यात बारा-तेरा वर्षं शिकवतायत. त्यांनी सांगितलं, पहिलीला चित्रकार्ड दाखवलं, कणीस. एक मुलगी म्हणाली, कणसरी. बाई म्हणाल्या, कणसरी नाही गं, कणीस. मुलगी गप्प. पुढे कधीतरी गावच्या एका म्हाताऱ्याकडून बाईंना कळलं की कणसरी म्हणजे धान्याची देवी, कणसात राहणारी. तिची लांबच्या लांब कथा आहे, रात्रभर गातात, थाळ वाजवत. थाळ म्हणजे काशाचं ताट. त्याच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि काडीवरून बोटं ओढायची, की अंगावर काटा आणणारा घुमारा निघतो. बाई मला म्हणाल्या, "त्या पोरीनं कार्डात देव ओळखला होता, आणि मी तिला धान्य शिकवत होते." आता त्या काय करतात? तेच कार्ड दाखवतात, आणि मुलांना विचारतात, कणसरीची गोष्ट कुणाला येते? शुद्धलेखनाला 'कणीस' शिकवायचं राहत नाही, ते शिकवून होतंच.

किंवा वाघबारस घ्या. दिवाळीआधी आपण वसुबारस करतो, गाय-वासरू पुजतो, पुस्तकात त्याचा धडा असतो. त्याच दिवशी नाशिक-अकोल्याच्या डोंगरातले आदिवासी वाघदेवाला पुजतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. गुरं राखणारा माणूस गाईची काळजी घेतोच, पण वाघाशीही बोलणी करून ठेवतो. दिवस एक, सण दोन. चौथीच्या वर्गात हे दोन्ही एकाच धड्यात आले, तर शहरी पोराचंही डोकं चालेल की नाही? मला तर हा पर्यावरणाचा जगात भारी धडा वाटतो. बिबट्या नाशिकच्या कॉलनीत शिरला की आपण काय करतो, आठवा. मोबाईल काढतो.

आता चांगल्या बाजूचंही सांगते. दुर्गाबाई भागवतांनी संताळांच्या कथा मराठीत आणल्या, त्याला खूप वर्षं झाली. सीमेपलीकडे डांग-धरमपूरच्या बाजूला डाह्याभाई वाढूंनी कुंकणा, म्हणजे आपली कोकणाच, या भाषेतल्या कथा लिहून ठेवल्या. २००९ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने 'डू!' नावाचं पुस्तक काढलं, अगदी लहान मुलांसाठी, क्रियापदांचं. चित्रं वारली. आणि मुखपृष्ठावर गीता वुल्फ यांच्याबरोबर रमेश हेंगाडी आणि शांताराम दडपे या वारली चित्रकारांची नावं आहेत. 'वारली शैली' असं मोघम नाही, माणसांची नावं. ओडिशात मुंडा, कुई, सौरा, जुआंग भाषांमध्ये त्या-त्या समाजातल्या लेखकांकडून मुलांची पुस्तकं लिहून घेतली गेली. २०१५ पासून प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, फुकट, फोनवर, आणि कुणालाही आपल्या भाषेत भाषांतर करून तिथे टाकता येतं. वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था आहे, त्यांचा 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम आहे. नट मंडळी शाळांमध्ये जाऊन पुस्तकातली गोष्ट करून दाखवतात, मग मुलं ते पुस्तक हातात घेतात.

तरी एक आक्षेप आहे आणि तो आदिवासी पालकांकडूनच येतो, म्हणून त्याला बगल देता येणार नाही. ते म्हणतात, आमची बोली पोराला घरी येतेच. शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा. शहरातल्यांची पोरं इंग्रजीत शिकणार आणि आमच्यांना तुम्ही तारपा वाजवायला लावणार? यात राग आहे आणि तो खरा आहे. ज्यांना कोकणा बोलल्याबद्दल वर्गात हसलं गेलं, त्या पिढीला आपल्या लेकराने ते सोसू नये असं वाटणारच. माझं मत विचाराल तर मराठी-इंग्रजी हवीच, आणि पहिलीपासून नीट हवी. पण ज्या पोराला 'माना' म्हणायला भीती वाटत नाही, तेच पोर पुढे 'माझं' आणि 'माय' धीटपणे म्हणतं. सिल्व्हियाची कार्डं हेच सांगत होती. आणि तारपा वाजवायला लावायचाच असेल तर तो आधी नाशिकच्या शहरी शाळेत लावा, पेठला नंतर. तिथे वाजवता येणारी माणसं आहेत.

जाता जाता एक काम. ऐकणाऱ्यांमध्ये पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरी, कळवणकडचे बरेच जण आहेत, मेसेज येतात तुमचे. तुमच्या घरी वाघबारशीला, कणसरीला किंवा डोंगऱ्यादेवाला जी गोष्ट सांगतात, ती तुमच्या बोलीत दोन-तीन मिनिटांची रेकॉर्ड करून पाठवा. सांगणाऱ्याला आधी विचारा, काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. आणि हो, सुरुवातीला सांगणाऱ्याचं नाव आणि गाव नक्की बोला. आजीचं असेल तर आजीचं. 'शाळामास्तर, अमुक गाव' असं चालणार नाही.